याकोबची स्लाव्हिया

नगरशेजारच्या भिंगारमधल्या याकोब भिंगारदिव्याला फुटबॉल खेळता येत नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा. वर असंही सांगायचा की ज्याला खेळता येतं त्याला मैदान आखता येत नाही, कारण खेळणाऱ्याचा डोळा चेंडूवर असतो आणि आखणाऱ्याचा जमिनीवर. छावणीतल्या मोठ्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, गोलाच्या जाळ्या बांधायच्या, चेंडूच्या ब्लॅडरात हवा भरून वादीने त्याचं तोंड आवळायचं, ही त्याची नोकरी. दोरी न लावता मारलेली त्याची रेघ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ जायची. पलटणीतले अधिकारी बदलून जात, नवे येत, पण 'लाइनवाला याकोब' मात्र तिथेच. बायको रेबेका म्हणायची, या माणसाच्या धोतराला कधी नीळ लागली नाही, चुनाच लागला.

फुटबॉल हा पावसाळ्याचा खेळ, हे याकोबला उगवत्या सूर्याइतकं ठाऊक होतं. पाऊस पडून जमीन मऊ झाली की पलटणींचे सामने सुरू व्हायचे. चिखलात पोरं लोळायची, रेघा वाहून जायच्या, आणि मध्यंतरात याकोब बादली घेऊन पुन्हा धावायचा. पावसाने सामना थांबल्याचं त्याने कधी पाहिलं नव्हतं. खेळ थांबायला त्याच्या लेखी एकच कारण होतं, ते म्हणजे लढाई.

पासष्ट सालच्या पावसाळ्यात अंतिम सामन्याचं मैदान त्याने आखून ठेवलं होतं. जाळ्या बांधल्या होत्या, कोपऱ्यांवर निशाणं रोवली होती. सामन्याची वेळ झाली आणि दोन्हीपैकी एकही संघ आला नाही. पलटण रातोरात गाडीत बसून सरहद्दीकडे गेली होती. त्यातल्या एका संघाचा गोलकीपर रेबेकाचा धाकटा भाऊ शमुवेल होता. तो परत आला नाही. एका हवालदाराने याकोबला ही बातमी तार येण्याआधीच कानात सांगितली होती. याकोबने ती पोटात ठेवली. तार दारात येईपर्यंत तो रोज रेबेकाच्या हातचं जेवला आणि गप्प राहिला. आपण तिला काही दिवस सुखाचे दिले, अशी त्याची समजूत होती. रेबेकाची काय समजूत होती हे त्याने कधी विचारलं नाही.

मैदानावरच्या रेघा त्या साली पावसाने पुसल्या, आणि त्याने पुन्हा मारल्या नाहीत.

या दोघांना एकच मुलगा, विल्सन. हुशार निघाला. शेतीच्या यंत्रांचं शिकायला त्याला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, ती पार बल्गेरियातल्या सोफिया शहरासाठी. एकाहत्तर साल होतं. पूर्वेकडून निर्वासितांच्या बातम्या येत होत्या, पलटणींची हालचाल सुरू झाली होती, आणि रेबेकाचं म्हणणं होतं की अशा दिवसांत एकुलत्या एका पोराला नजरेआड करू नये. याकोबने तिला समजावलं. खरं तर समजावलं नाही, रेटलं. म्हणाला, इथंच लढाईची भीती आहे, बल्गेरियात कसली आलीय लढाई? उलट पोरगं तिथंच सुखरूप राहील. रेबेका पेटी भरायला लागली. पण 'तुमच्या शब्दावर पाठवतेय' एवढं तिने बजावून ठेवलं.

जाण्यापूर्वी विल्सनने एक काम केलं. मेसच्या लिलावात घेतलेला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ घरात होता. त्याची तार त्याने चिंचेच्या शेंड्यापर्यंत चढवली, पहाटे उठून शॉर्टवेव्हवर खरखरीतून सोफिया शोधून काढलं आणि काट्याच्या जागी काचेवर बापाच्या चुन्याचा एक ठिपका दिला. तिथून इंग्रजीत बातम्या लागत. सोमवारी पहाटे आदल्या दिवशीच्या फुटबॉलचे निकालही सांगत. फुटबॉलपुरतं इंग्रजी याकोबला गोऱ्या साहेबांच्या काळापासून येत होतं.

सोफियाला पोचल्यावर विल्सनचं पत्र आलं. हॉस्टेलपासून चालत जाण्याजोगं स्लाव्हिया नावाच्या संघाचं मैदान आहे, त्यांचे सदरे पांढरेशुभ्र, बाबांच्या चुन्यासारखे, म्हणून मी त्यांच्याच बाजूचा झालोय. दर रविवारी मी त्यांच्या सामन्याला जातो आणि परगावचा सामना असला तर हॉस्टेलात रेडिओवर ऐकतो. तेव्हा स्लाव्हियाचा निकाल ऐकलात की समजा, विल्सन ठणठणीत आहे.

झालं. तिथून पुढे भिंगारच्या त्या दोन खोल्यांत बल्गेरिया नांदायला आली. दर सोमवारी पहाटे याकोब कांबळं पांघरून रेडिओला कान लावून बसायचा आणि आतल्या खोलीत रेबेका चूल पेटवायची. सोफियातलाच लेव्हस्की, प्लोव्हदिवचा ट्राकिया, स्तारा झागोराचा बेरोए, ही नावं याकोबच्या तोंडात आसपासच्या खेड्यांसारखी बसली. सगळ्यांत वर होता सीएसकेए, म्हणजे तिथल्या लष्कराचा संघ. लष्कराचा संघ वर असणार हे याकोबला पटण्यासारखं होतं. स्लाव्हिया कधी जिंकायची, कधी हरायची. रेबेका आतून विचारायची, काय झालं स्लाव्हियाचं? तिच्या मनात ती कुणाची तरी लेक होती, सासरी त्रास असलेली. हरली असं कळलं की ती म्हणायची, पोरगं काल उपाशी झोपलं असेल. सकाळचं हे एक वाक्य झालं की आठवडा निभायचा.

डिसेंबरात लढाई पेटली. नगरात दिवे मालवले, खिडक्यांच्या काचांना खाकी कागद लागले, मोटारींचे दिवे अर्धे काळे झाले. छावणी आधीच रिकामी झाली होती. मैदानावर शेळ्या चरत होत्या. त्याच दिवसांत टपालाचाही मेळ बिघडला आणि विल्सनची पत्रं यायची थांबली. याकोबला त्याचं फार वाटलं नाही, कारण सोमवारचा निकाल होता.

मग एका सोमवारी निकाल लागलेच नाहीत. रेडिओवरच्या बाईने बातम्या सांगितल्या, कुठल्याशा कारखान्याचं कौतुक केलं, खेळांत कुस्ती आणि वजनं उचलणं सांगितलं, आणि गाणं लावलं. याकोबला वाटलं, आपलाच कान चुकला. रेबेकाला त्याने नीट ऐकू आलं नाही म्हणून सांगितलं. पुढच्या सोमवारी त्याने श्वास रोखून ऐकलं. पुन्हा कुस्ती. फुटबॉलचं नाव नाही.

पाऊस असो, थंडी असो, खेळ थांबत नाही. थंडीत तर उलट धावायला बरं. मग लष्कराचा संघसुद्धा खेळायचा का थांबावा? याकोबच्या डोळ्यांपुढे पासष्टचं मैदान उभं राहिलं, बांधलेल्या जाळ्या आणि एकही माणूस नाही. 

तेवढ्यात आतून हाक आली. "काय झालं वो स्लाव्हियाचं?"

"जिकली," याकोब म्हणाला. "दोन-एक."

शब्द तोंडातून निसटला तो निसटलाच. बाहेर उजाडत होतं आणि रेबेका भाकरी थापता थापता कसलंसं स्तोत्र गुणगुणायला लागली होती. ते ऐकल्यावर मागे फिरणं त्याच्याच्याने झालं नाही.

सूर्यभानच्या चहाच्या हॉटेलात पेपर वाचला जायचा. याकोब तिथे जाऊन बसला आणि उगाच विचारल्यासारखं करून त्याने बल्गेरियाचा विषय काढला. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आल्याची बातमी होती, रशिया आपल्या बाजूने होता. सूर्यभान कपबशा विसळता विसळता म्हणाला, "ती सगळी मुलखं रशियाच्या मागं हायेत म्हनत्यात. रशिया उठला की ती बी उठनार." सूर्यभानला बल्गेरिया कुठे आहे हे माहीत नव्हतं, आणि तो काही वाईट बोलला नव्हता. पण याकोबचा चहा तसाच राहिला.

लढाई संपली. ढाक्याची बातमी आली, भिंगारात पेढे वाटले, पोरांनी मिरवणूक काढली. याकोबच्याही हातावर पेढा पडला. पण पासष्टलाही लढाई आधी संपली होती आणि तार मागून आली होती. शमुवेलचं नाव तरी कुठे पेपरात आलं होतं? पलटणी सरहद्दीवरून अजून परतल्या नव्हत्या, आणि सोमवार कोरेच चालले होते. नाताळ आला. चर्चमध्ये तारा टांगला, घरोघरी करंज्या झाल्या, आणि सोफियाहून चिठ्ठीचपाटी नाही. रेबेकाने विल्सनच्या नावाची करंजी डब्यात वेगळी ठेवली. याकोबने तिला सांगितलं, ट्राकियावर तीन गोल चढवले आपण.

आता त्याच्या डोक्यात अख्खी स्पर्धा चालू झाली. कोण कुणाशी खेळलं, कुणाचा सामना बाकी, हे सगळं त्याला लक्षात ठेवावं लागे, कारण रेबेकाही लक्षात ठेवायची. नुसता आकडा सांगून तिचं भागेना. मग तो रंगवायचा. सोफियात काल धो धो पाऊस झाला, चिखलात चेंडू अडकला, गोलकीपर घसरला, रेघा वाहून गेल्या म्हणून मध्यंतरात पुन्हा माराव्या लागल्या. रेबेकाला ते दिसायचं, कारण तिने आयुष्यभर तेच पाहिलं होतं. मात्र एक झालं. एकदाही स्लाव्हिया हरली असं सांगायला त्याची जीभ रेटली नाही. कधी बरोबरी सोडवायची, एरवी जिंकायची.

बायकांच्या प्रार्थनासभेत रेबेका उभी राहून आभार मानायला लागली. माझ्या लेकाचा संघ देवाच्या कृपेने जिंकतोय, म्हणजे माझा लेक सुखरूप आहे, अशी साक्ष. सभा चालवणाऱ्या दीनाबाईंनी स्लाव्हियाचं नाव आजाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या यादीला जोडून टाकलं. सगळ्या भिंगारच्या ख्रिस्ती बायका डोळे मिटून स्लाव्हियासाठी प्रार्थना करू लागल्या. याकोब रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागला. मनुष्यापुढे खोटं बोललो ते एक, पण हे थेट वर पोचत होतं, आणि त्या रागाने पोराचं काही वाकडं झालं तर? ही नवीन भीती जुनीच्या शेजारी येऊन बसली.

त्याने आणखी एक सुरू केलं. रिकाम्या मैदानावर तो दर आठवड्याला रेघा मारू लागला. शेळ्या हाकलायच्या, बादली भरायची, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चुना. ऑफिसातला कारकून म्हणाला, खेळणार कोण आहे? याकोब म्हणाला, हाताची सवय राहते. पासष्टला आपण रेघा पुसू दिल्या होत्या, एवढंच त्याच्या मनात होतं. ते बोलून दाखवण्याजोगं नव्हतं.

तो वाळत चालला. जेवण चतकोर भाकरीवर आलं. रेबेका त्याच्याकडे बघत राहायची आणि एकदा म्हणालीच, स्लाव्हियाचं तर इतकं चांगलं चाललंय, मग तुम्ही का सुकलात? त्याने दाढ दुखते म्हणून सांगितलं. तिने लवंग दिली. दुखत नसलेल्या दाढेत ती लवंग धरून तो दिवसभर फिरला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ही दोघं चर्चमधून घरी येतात तर दारात एक तरुण उभा. अंगात जाड लोकरी कोट, नगरच्या उन्हात घामाने निथळतोय, आणि हाताच्या बोटांवर फोड वाळल्याच्या खुणा. त्याने वाकून नमस्कार केला. तो सोनईचा गोरक्ष, विल्सनबरोबरच शिष्यवृत्तीवर गेलेला. तिथली थंडी आणि तिथलं जेवण सोसेना, म्हणून शिक्षण सोडून कायमचा परत आला होता. घरी बापाची बोलणी खाऊन झाली होती, आता विल्सनने दिलेली पिशवी पोचती करायला एसटीने आला होता.

याकोबने दाराची चौकट धरली.  पोराचं काय, हे रेबेकानेच विचारलं, आणि गोरक्ष म्हणाला, एकदम झकास हाय. परीक्षा झाली, पास झाला, जाड झालाय. नाताळच्या आधीच त्यानं मोठं पत्र टाकलं होतं, आलं न्हाई का?

याकोब खाली बसला.  जिवंत आहे, जाड झालाय. दोन महिने छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा तसं झालं आणि त्याला एकदम रडू यायला लागलं. ते लपवायला तो बुटाची नाडी सोडत बसला.

रेबेका खुशीत होती. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "गेल्या आयतवारी बी स्लाव्हिया जिकली, न्हाई का? तुमी दोगं गेला आसाल बगायला. लई पाऊस हुता म्हनं."

गोरक्ष हसला. "काकू, आत्ता कुठला फुटबॉल? डिशेंबरापासून बंद हाय तिथं. गुडघाभर बरफ पडतंय, मैदानंच गडप. दर साली हिवाळ्यात बंदच ठिवत्यात. आता मार्चात सुरू हुईल."

पिशवीतून त्याने एक फोटो काढून दिला. विल्सन कानटोपी घालून हसत उभा होता. त्याच्या मागे गोलाचे दोन खांब, आडव्या दांडीवर बर्फाचा थर. याकोबची नजर सवयीने रेघ शोधू लागली. रेघ नव्हतीच. सगळं मैदान चुन्यात बुडवून काढल्यासारखं पांढरं होतं. आयुष्यभर मैदानं आखणाऱ्या माणसाला हे एक कारण सुचलं नव्हतं. लढाई सुचली होती, पोराचं मढं सुचलं होतं, नुसती थंडी सुचली नव्हती.

त्याने मान वर केली. चुलीपाशी रेबेका हातातली साखर तशीच धरून त्याच्याकडे बघत होती.  गोरक्षला तिने पोटभर जेवू घातलं, विल्सन काय खातो, कुठे झोपतो, पायात लोकरीचे मोजे घालतो का, सगळं विचारून घेतलं, आणि परत जाताना त्याच्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या. याकोबशी मात्र एक शब्द नाही.

एसटी स्टँडवर त्याला पोचवून याकोब घरी आला तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती. फोटो मांडीवर.

"तवा बी असंच केलं हुतं तुमी," ती म्हणाली. "शमुवेलच्या टायमाला. तार यायच्या आदी बी तुमचं त्वांड असंच हुतं."

याकोब म्हणाला, तुला त्रास नको म्हणून केलं.

"तरास?" ती म्हणाली. "दर सोमवारी तुमी जिकली म्हनायचा, आन् तुमचं त्वांड आसं, की घरात मयत झालीय. मला काय डोळं न्हाईत? मला वाटायचं ह्यांना काय तरी कळलंय आन् सांगत न्हाईत. सभंत हुबी ऱ्हाऊन आभार मानायचे, ते देवाला दम द्यायला मानायचे, की बग, एवढ्या बायांम्होरं बोलून बसलीय मी, आता माझ्या लेकाला सांबाळ. तुमी हितं भीत हुता, मी तितं भीत हुते. भ्यायचं आसंल तर दोगांनी मिळून भ्यायचं. येकल्यानं भिऊन काय वाचवलंत माझं?"

 दोन खोल्यांच्या त्या घरात दोन माणसं दोन महिने शेजारी शेजारी एकाच भीतीने जागी होती, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसरं झोपलंय. याकोबला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. तो तिच्याशेजारी उंबऱ्यात टेकला आणि पहिल्यांदा त्याने शमुवेलचं सगळं सांगितलं. हवालदार कुठे भेटला, काय म्हणाला, आणि तार येईपर्यंतचे ते दिवस कसे गेले. ती ऐकत राहिली. सांगून संपलं तेव्हा ती म्हणाली, आता रेडिओ आतल्या खोलीत ठेवा.

मार्च उजाडला. नगरात ऊन तापायला लागलं, मैदान दगडासारखं टणक झालं, आणि इथे कुणाच्या मनात फुटबॉल येण्याचं कारण नव्हतं. सोमवारी पहाटे दोघं रेडिओपुढे एकाच कांबळ्यात बसली. चूल पेटली नव्हती. याकोबने काटा चुन्याच्या ठिपक्यावर आणला. खरखर, मग बाईचा आवाज, मग बातम्या. रेबेकाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती श्वास धरून होती. हिवाळ्याच्या विश्रांतीनंतर खेळ सुरू झाल्याचं बाईने सांगितलं आणि निकाल वाचायला सुरुवात केली. सीएसकेए. लेव्हस्की. बेरोए. त्या साली विजेतेपद पुन्हा लष्कराच्या संघानेच नेलं, पण ते कळायला अजून अवकाश होता आणि त्या घरात त्याचं कुणाला काही नव्हतं. मग 'स्लाव्हिया' हा शब्द रेबेकाने स्वतःच्या कानांनी ऐकला आणि याकोबचं मनगट घट्ट धरलं.

 जुनी सवय याकोबच्या जिभेवर आली होती. ती त्याने गिळली.

"हारली," तो म्हणाला.

रेबेकाने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "हारली?"

"हारली."

तिने त्याचं मनगट सोडलं. डोळ्यांना पदर लावला, मग नाक पुसलं आणि चूल पेटवायला उठली.

"म्हंजी खरं हाय," ती म्हणाली. "पोरगं काल उपाशी झोपलं आसंल."